‘मालेना’ आणि तेवीस चिठ्ठ्या

आमच्या मंडळाच्या चित्रपट-संध्येला सहसा मराठी सिनेमा असतो. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल चार तास भाड्याने मिळतो. कुणी बटाटेवडे आणतं, कुणी चहाचा मोठा थर्मास. सिनेमा संपल्यावर चर्चा होते, म्हणजे दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे खुर्च्या आवरतात. इंग्लंडमध्ये तीस वर्षं काढली तरी या बाबतीत आम्ही अजून गावच्या पारावरच आहोत.

गेल्या फेब्रुवारीत ‘दर वेळी मराठीच का? एखादा परदेशी सिनेमाही बघू की,’ अशी सूचना आली आणि ज्युसेप्पे तोर्नातोरे यांचा ‘मालेना’ ठरला. त्यांचा ‘सिनेमा पॅराडिसो’ आमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेला होता, त्यामुळे हाही तसाच गोड असणार असं सगळे धरून चालले होते. हा सिनेमा लहान मुलांना दाखवण्यासारखा नाही, एवढं मात्र आधी कळवलं होतं. बाहेर बर्फाळ पाऊस असूनही तेवीस जण आले.

या वेळी चर्चेऐवजी आम्ही एक वेगळा प्रयोग केला. प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली. मत लिहायचं, नाव लिहायचं नाही, आणि चिठ्ठी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. नाव नसलं की माणसं मोकळेपणाने लिहितात, ही कल्पना माझीच. तो डबा घरी नेऊन चिठ्ठ्या वाचायच्या आणि दिवाळी अंकासाठी त्यांवर लेख लिहायचा, हेही माझ्याच गळ्यात पडलं. तो हा लेख. पण तो मला वाटलं होतं तसा झालेला नाही.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगतो.

‘मालेना’ २००० साली आला. मूळ कथा लुचानो विन्चेन्झोनी यांची. तोर्नातोरे स्वतः सिसिलीतल्या बागेरिया गावचे, आणि सिनेमाही सिसिलीतलाच, कास्तेलकुतो नावाच्या काल्पनिक गावात घडणारा. गावातला तो मोठा चौक मात्र खराखुरा आहे. सिराकूसा शहरातल्या ऑर्तिजा भागातला कॅथीड्रलसमोरचा चौक. दिवस १० जून १९४०. मुसोलिनी ब्रिटन आणि फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारतो आहे, त्याचा आवाज रेडिओवरून गावभर घुमतो आहे, आणि बारा वर्षांच्या रेनातोला त्याच दिवशी सायकल मिळते. त्याच्या दृष्टीने त्या दिवसाची मोठी बातमी सायकलची. आणि त्याहून मोठी बातमी म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याने चालत जाणारी मालेना.

मालेनाचा नवरा नीनो आफ्रिकेत लढायला गेला आहे. वडील गावच्याच शाळेत लॅटिन शिकवतात. त्यांना ऐकू कमी येतं. ती दिसायला फार सुंदर आहे आणि एकटी राहते, एवढाच तिचा अपराध. ती चौकातून चालली की पुरुषांच्या माना वळतात आणि बायकांचे ओठ मुडपतात. रेनातो सायकलवरून तिच्या मागे मागे फिरतो, तिच्या घराच्या भिंतीला डोळा लावून बसतो. हे वागणं शोभणारं नाही, आणि सिनेमाही ते लपवत नाही. पण त्या चोरून बघण्यामुळेच गावात एकट्या त्याला खरं ठाऊक होतं. ती घरात एकटीच असते, नवऱ्याच्या फोटोशी बोलते, आणि गाव जे म्हणतं त्यातलं काहीही घडलेलं नाही.

मग नवरा मेल्याची बातमी येते. वडिलांना एक निनावी पत्र येतं, आणि ते लेकीला दुरावतात. पुढे बॉम्बहल्ल्यात तेही जातात. तिच्यावर खटला होतो. ज्या वकिलाने सोडवलं तोच आपली किंमत वसूल करतो. पैसे संपतात, अन्न मिळेनासं होतं. तिच्याबद्दल गाव आधीपासून जे बोलत होतं, तेच करायची पाळी शेवटी गाव तिच्यावर आणतं. जर्मन सैनिक गावात येतात, तशी ती त्यांच्याबरोबर दिसू लागते. जुलै १९४३ मध्ये दोस्तांच्या फौजा सिसिलीत उतरतात. अमेरिकन सैनिकांचं स्वागत करायला गाव चौकात जमतं, आणि त्याच चौकात गावातल्या बायका मालेनाला ओढत आणून मारतात, तिचे केस कापतात. पुरुष कडेने उभे राहून बघतात. रेनातोही बघतो. ती गाव सोडून जाते.

आणि मग नीनो परत येतो. तो मेलेलाच नसतो; एक हात गमावलेला असतो. बायको कुठे आहे, हे त्याला कुणीही सांगत नाही. तोंडावर बोलायचं धाडस रेनातोलाही होत नाही. तो पत्र लिहितो: तुमच्या बायकोचं प्रेम फक्त तुमच्यावर होतं, ती मेसिनाच्या गाडीत बसली. वर्षभराने दोघं नवरा-बायको हातात हात घालून त्याच चौकातून चालत येतात.

आता चिठ्ठ्यांकडे येतो.

पाच-सहा चिठ्ठ्या निव्वळ कौतुकाच्या. एन्नियो मॉरिकोनेचं संगीत, लायोश कोल्ताईचं छायालेखन. दोघांनाही या सिनेमासाठी ऑस्करचं नामांकन होतं. ‘सिसिलीचं ऊन अंगावर आल्यासारखं वाटलं, फेब्रुवारीत तेवढंच हवं होतं,’ असं एकाने लिहिलं होतं. एकाने फक्त ‘वडे छान’ एवढंच लिहिलं. तेही मत आहेच.

सात चिठ्ठ्यांचा सूर मात्र रागाचा होता, आणि त्या राग आलेल्यांमध्ये तरुण जास्त असावेत असं मला अक्षरावरून आणि मराठीवरून वाटलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. गाव मालेनाकडे टक लावून बघतं म्हणून दिग्दर्शक गावाला नावं ठेवतो, पण कॅमेरा तरी दुसरं काय करतो? एकीने लिहिलं होतं, ‘मोनिका बेलुचीला या सिनेमात वाक्यं किती आहेत, मोजा. तिला काय वाटतं ते कुणीच विचारत नाही. रेनातोही नाही, तोर्नातोरेही नाही.’ दुसऱ्या चिठ्ठीत होतं, ‘मुलगा मोठा होतो, त्याची किंमत बाई देते. याला वयात येण्याची गोष्ट म्हणायचं?’

याला उलट उत्तर देणाऱ्या चिठ्ठ्याही होत्या. गोष्ट म्हातारा झालेला रेनातो सांगतो आहे, म्हणजे हा त्याचा कबुलीजबाब आहे. त्याला जेवढं दिसलं तेवढंच आपल्याला दिसणार. ती बोलत नाही, कारण गावाने तिला बोलायला जागाच ठेवलेली नाही. मला स्वतःला दोन्ही म्हणणी पटतात. पहिल्या तासाभरात कॅमेरा जिथे जिथे रेंगाळतो, तिथलं थोडं कापलं असतं तर सिनेमाचं काही बिघडलं नसतं. पण चौकातला तो मारहाणीचा प्रसंग येतो, तेव्हा इतका वेळ मजेत बघणाऱ्या प्रेक्षकाला आपण कुठे उभे होतो हे एकदम कळतं. आमच्या हॉलमध्ये सुरुवातीला हसू ऐकू येत होतं. त्या प्रसंगाला कुणी कपसुद्धा खाली ठेवला नाही.

केस कापण्यावर तीन चिठ्ठ्या होत्या. त्यांतली एक थरथरत्या, जुन्या वळणाच्या अक्षरात होती. नाव नसलं तरी ती कुणाची हे मला कळलं, कारण आमच्यात नव्वदीच्या पुढच्या आजी एकच आहेत. त्यांनी लिहिलं होतं, ‘माझ्या वडिलांची आत्या सोवळी होती. लाल आलवण, डोक्यावरून पदर. दर काही दिवसांनी न्हावी मागच्या दाराने यायचा. ती तेव्हा रडायची नाही, भिंतीकडे तोंड करून बसायची. या इटलीतल्या बाईचं डोकं बघितलं आणि मला ती भिंत दिसली.’

त्यानंतर मी बराच वेळ पुढची चिठ्ठी उघडली नाही. फ्रान्समध्ये १९४४ नंतर जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून हजारो बायकांची डोकी भर चौकात भादरली गेली. त्याचे फोटो मी पाहिले होते. युरोपातल्या युद्धाची ती एक विकृती, असंच मी समजत होतो. पण बाईला शिक्षा करायची तर तिच्या केसांना हात घालायचा, हे आपल्याकडे शतकानुशतकं घरातल्या घरात चालू होतं, आणि त्याला धर्म म्हणत होते. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच विधवांचं केशवपन करायला नकार दिला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. कास्तेलकुतोच्या चौकात कात्री खाली ठेवणारं कुणी नव्हतं.

एक चिठ्ठी युद्धाविषयी होती. ‘माझे आजोबा मराठा पलटणीत होते. ते इटालियन लोकांशी आफ्रिकेत लढले, मग इटलीतही गेले. आमची आजी सातारा जिल्ह्यातल्या गावात पाच वर्षं मनीऑर्डरची वाट बघत होती. तिच्याबद्दल गाव काय बोललं असेल, हा विचार मी आजपर्यंत कधी केला नव्हता.’

हा धागा खरा आहे. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत मराठा पलटणी इटालियन फौजेशी लढल्या. पुढे इटलीच्याच भूमीवर, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. पुतळे लढणाऱ्यांचे होतात, आणि ते व्हायलाच हवेत. मागे राहिलेल्या बायकांनी ती वर्षं कशी काढली, कुणाकुणाच्या नजरा झेलल्या, हे कुठल्या दगडावर कोरलेलं नसतं. ‘मालेना’ ही त्या मागे राहिलेल्या बाईची गोष्ट आहे, फक्त ती शत्रूच्या बाजूची होती.

सगळ्यात जास्त, म्हणजे नऊ चिठ्ठ्यांमध्ये बाजाराचा प्रसंग होता. परत आलेली मालेना भाजी घ्यायला बाजारात जाते. ज्या बायकांनी तिला मारलं होतं त्या क्षणभर गप्प होतात. मग एकजण तिला आदराने नमस्कार घालते, नवऱ्याचं आडनाव लावून. सगळा बाजार थांबतो. आणि मालेना उलट नमस्कार करते.

‘तिने माफ केलं, ती मोठी,’ असं चौघांचं म्हणणं. ‘तिने माफ केलं नाही, तिला त्याच गावात राहायचं होतं, दुसरा इलाजच नव्हता,’ असं तिघांचं. एकाने विचारलं होतं, ‘नवरा परत आला नसता, तर या बायका तिच्याशी बोलल्या असत्या का?’ आणि नवव्या चिठ्ठीत चारच शब्द होते: ‘मी उत्तर दिलं नसतं.’

हा प्रसंग मी एकदा प्रत्यक्ष पाहिला आहे. तो इथे सांगतो.

मी बारा वर्षांचा असताना आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाड्यात भाड्याने राहत होतो. मागच्या दोन खोल्यांत एक नर्सबाई राहायला आल्या. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षा-दीड वर्षाने येणारा. बाई दवाखान्यात कामाला. रात्री-अपरात्री बाळंतपण आलं की दवाखान्यातला कंपाउंडर कंदील घेऊन बोलवायला यायचा. माझा शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा अभ्यास चालू होता आणि माझी जागा खिडकीशी होती, त्यामुळे मी रोज बघत होतो. तो माणूस अंगणात तुळशीपाशी उभा राहायचा, ‘बाई’ म्हणून हाक मारायचा, बाई पिशवी घेऊन बाहेर यायच्या, आणि दोघं चालू लागायचे. त्याने त्यांचा उंबरा कधी ओलांडला नाही. हे मला जितकं पक्कं माहीत होतं, तितकं त्या वाड्यात कुणालाच नव्हतं.

नळावर वेगळंच बोललं जात होतं. मग एक दिवस मालकांच्या नावे बिनसहीचं पोस्टकार्ड आलं. पोस्टकार्ड असल्यामुळे ते मालकांच्या आधी चार जणांनी वाचलं. संध्याकाळी ओटीवर मोठी माणसं बसली, माझे वडीलही होते. ‘वाड्यात लेकीसुना आहेत’ वगैरे झालं, आणि बाईंना महिनाअखेर खोली सोडायला सांगायचं ठरलं. मी आत गणितं सोडवत होतो. ओटी आणि खोली यांच्यामध्ये एक पडदा होता. उठून तो बाजूला करायचा आणि ‘तो माणूस आत कधी जात नाही, मी रोज बघतो,’ एवढं म्हणायचं. मी म्हणालो नाही. मोठ्यांमध्ये बोलू नये, ही शिकवण होतीच. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. मी रात्री खिडकीतून बघत बसतो, हे सगळ्यांना कळलं असतं.

बाई गेल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांना खोली मिळाली. त्याच थंडीत मालकांच्या सुनेचं दिवस भरण्याआधी दुखायला लागलं, आणि मालक स्वतः त्यांना बोलवायला गेले. बाई आल्या. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. ‘या बाई, या, बसा,’ असं त्या दोनदा म्हणाल्या. वाड्यातल्या सगळ्या बायका अंगणात होत्या. नर्सबाईंनी काहीच उत्तर दिलं नाही. त्या आत गेल्या, पहाटे मुलगी झाली, त्यांनी विहिरीवर हात धुतले आणि समोर आणून ठेवलेला चहा न घेता निघून गेल्या. जाताना त्या माझ्या खिडकीवरूनच गेल्या.

रेनातो चौकात गप्प उभा राहिला, पण पुढे त्याने पत्र तरी लिहिलं. मी काहीच केलं नाही. म्हणून ‘मालेना’ला केवळ एका पोराच्या वयात येण्याची गोष्ट म्हणणं मला थोडं जड जातं. लांब विजार मिळाली, मिसरूड फुटलं म्हणजे मुलगा मोठा होत नाही. आपल्याला जे खरं ठाऊक आहे ते चार लोकांत आपल्या तोंडाने सांगता यायला लागलं की तो मोठा होतो. हे काहींना तेराव्या वर्षी जमतं. काहींना साठी ओलांडल्यावरही जमत नाही. ते का म्हणतो, ते तेविसाव्या चिठ्ठीत आहे.

ती मी शेवटी उघडली, मुद्दाम नव्हे. तिच्यात लिहिलं होतं: ‘सिनेमा चांगला आहे. पण आपल्या मंडळातून आपण जिला बाहेर काढलं, तिच्याबद्दल कुणी बोलणार आहे का?’

कुणाबद्दल आहे, हे विचारावं लागलं नाही. आमच्यातलीच एक, गणपतीत पहाटे उठून सगळ्यांसाठी मोदक करणारी. दोन वर्षांपूर्वी ती आणि तिचा नवरा वेगळे झाले. कारणं त्यांची त्यांना माहीत. तिला आम्ही कुणी बाहेर काढलं नाही, शपथेवर सांगतो. फक्त नवीन व्हॉट्सॲप ग्रुप केला तेव्हा तिचा नंबर राहून गेला. सदस्यत्वाच्या अर्जात ‘कुटुंब’ आणि ‘विद्यार्थी’ असे दोनच रकाने होते, ती दोन्हींत बसेना. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, यावर काहींना संकोच वाटला. शिवाय कुणी कुणाला काहीतरी म्हणालं, ते तिच्यापर्यंत पोहोचलं. कुणी हात उचलला नाही, कुणी कात्री आणली नाही. सगळं कसं सभ्यपणे झालं. ती अर्जांची नवी आवृत्ती कमिटीच्या बैठकीत वाचली गेली तेव्हा मी तिथे होतो. एक रकाना कमी आहे, हे माझ्या लक्षात आलं होतं.

चिठ्ठ्या वाचल्यावर दुसऱ्या रविवारी मी आणि माझी बायको तिच्या घरी गेलो. आधी फोन केला होता. ती दारात म्हणाली, ‘काका, पंधरा मिनिटांचा रस्ता आहे. यायला दोन वर्षं लावलीत.’ मी काय बोलणार! मग तिने चहा केला, आणि आम्ही तो घेतला. तासभर बसलो. तिची मुलगी आता अकरावीत आहे, तिला गणित आवडतं. सिनेमाचं मी सांगितलं, चिठ्ठीचंही. यंदाच्या दिवाळीच्या फराळाला ये, असं आम्ही म्हटलं. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी तो तिला वाचायला पाठवला. तिच्या संमतीशिवाय तो छापायचा नव्हता. तिने एकच दुरुस्ती सुचवली: ‘बिचारी’ हा शब्द दोनदा आला होता, तो काढा. काढला.

अर्जात आता ‘व्यक्ती’ असा तिसरा रकाना आहे. पुढच्या चित्रपट-संध्येला चिठ्ठ्यांचा प्रयोग करणार नाही. ज्याला जे वाटतं ते त्याने उभं राहून, आपल्या नावाने सांगावं, अशी सूचना मी कमिटीपुढे ठेवली आहे. तेविसावी चिठ्ठी कुणाची, हे मी शोधलं नाही. ज्यांनी लिहिली त्यांनी हा लेख वाचला असेल तर त्यांचे आभार. फराळाच्या दिवशी भेटलात तर हळूच सांगा, किंवा मोठ्याने सांगितलंत तर उत्तमच.